आयआरची डिग्री करायचीये? मग ती तीन-चार वर्षं नेमकी कशी वापरायची

इंटरनॅशनल रिलेशन्स, म्हणजे आयआर घेतलंय असं सांगितलं की समोरून दोनच गोष्टी ऐकू येतात, एकतर "वा, म्हणजे ॲम्बॅसिडर होणार!" नाहीतर "मग सांग बरं हे युद्ध कधी थांबणार". दोन्हीचा डिग्रीशी फारसा संबंध नाही. ही डिग्री राजदूत बनवत नाही आणि भविष्य सांगायला तर अजिबातच शिकवत नाही. ती एकच प्रश्न तीन-चार वर्षं वेगवेगळ्या बाजूंनी विचारायला लावते, तो असा की सगळ्या देशांच्या डोक्यावर बसलेलं सरकार नाही, पोलीस नाहीत, तर मग हे देश असे का वागतात, कधी भांडतात कधी करार करतात, आणि केलेले करार बऱ्याचदा पाळतात तरी का? वेल्समधल्या ॲबरिस्टविथला १९१९ साली या विषयाचं पहिलं प्राध्यापकपद तयार झालं ते पहिल्या महायुद्धाच्या धक्क्यातूनच, त्यामुळे सिलॅबसच्या मधोमध आजही युद्ध बसलेलं असतं, आणि व्यापार, हवामान, स्थलांतर, आरोग्य ही मंडळी मागून येऊन शेजारी बसलीयेत.

आता मुद्द्याचं. या डिग्रीत नापास होणं अवघड आहे, पण उथळ राहणं फार सोपं आहे. थोडा इतिहास, थोडं इकॉनॉमिक्स, थोडा कायदा, थोडं तत्त्वज्ञान असं करत करत शेवटच्या वर्षी लक्षात येतं की कुठल्याही विषयावर पाच मिनिटं बोलता येतं आणि कुठल्याच विषयावर अर्धा तास येत नाही. दहा ठिकाणी हात-हातभर खणून पाणी लागत नाही. म्हणून माझा पहिला आणि शेवटचा सल्ला एकच, दुसरं वर्ष अर्धं होईपर्यंत तीन गोष्टी ठरवून टाका: जगाचा एक भाग, एक प्रश्न आणि एक कौशल्य. उदाहरणार्थ पश्चिम आफ्रिका, शांतिसेना आणि फ्रेंच. किंवा मध्य आशिया, नद्यांचं पाणी आणि रशियन. किंवा युरोप, आर्थिक निर्बंध आणि स्टॅटिस्टिक्स. कॉलेज हे ठरवून देत नाही, ते तुमचं तुम्हालाच करायचंय, आणि नंतर बदललं तरी काही बिघडत नाही, मुळात काहीतरी एक धरलेलं असणं महत्त्वाचं.

ॲडमिशन घ्यायच्या आधी

डिग्रीच्या नावावर जाऊ नका, पेपरांची यादी उघडा. एकाच नावाच्या डिग्र्या आतून पार वेगळ्या निघतात. काही ठिकाणी आयआर हा पॉलिटिकल सायन्सचाच एक फाटा असतो, तिथं थिअरी आणि राज्यव्यवस्था जास्त. काही ठिकाणी एरिया स्टडीजचा जोर असतो, म्हणजे एखादा प्रदेश, त्याचा इतिहास आणि भाषा. आणि काही ठिकाणी इकॉनॉमिक्स आणि डेटा कंपल्सरी असतो, तिथं गणिताला घाबरणाऱ्यांची पहिल्याच सेमिस्टरला पळापळ होते. यादी बघताना चार गोष्टी तपासा: भाषेचे क्रेडिट डिग्रीत धरतात का, रिसर्च मेथड्सचा, म्हणजे संशोधन कसं करायचं याचा, पेपर आहे का, शेवटी प्रबंध लिहायचा असतो का आणि एक सेमिस्टर किंवा वर्ष परदेशात काढता येतं का. इंग्लंडमध्ये साधारण ३ वर्षं, स्कॉटलंड आणि अमेरिकेत ४, आणि अमेरिकन पद्धतीत मेजर, म्हणजे मुख्य विषय, बहुतेक ठिकाणी नंतर ठरवता येतो, त्यामुळे ज्यांचं अजून नक्की नाही त्यांना ते बरं पडतं. रँकिंग बघायचंच असेल तर बघा, पण मेथड्सचा पेपर नसलेल्या नामांकित डिग्रीपेक्षा तो नीट शिकवणारी साधी डिग्री मी कधीही घेईन.

थिअरीचं काय करायचं

पहिल्या वर्षी सगळ्यांना वैताग आणणारी गोष्ट म्हणजे थिअरी. रिअलिझम (सगळं ताकदीवर ठरतं), लिबरलिझम (संस्था आणि व्यापारातून सहकार्य जमतं), कन्स्ट्रक्टिव्हिझम (कल्पना आणि ओळखी वागणं ठरवतात), मार्क्सवादी, फेमिनिस्ट, पोस्टकलोनियल (एकेकाळच्या वसाहतींच्या बाजूनं पाहणारी) अशी रांग लागते आणि मुलं प्रत्येकाची व्याख्या पाठ करून मोकळी होतात. असं करू नका. एक घटना घ्या आणि सगळ्या थिअऱ्या तिच्यावरून फिरवा, वर्षभर तीच घटना.

मी क्यूबाचा मिसाइल पेच सुचवेन, कारण त्यावरची कागदपत्रं भरपूर आहेत आणि गोष्ट आटोपशीर आहे. १४ ऑक्टोबर १९६२ ला अमेरिकेच्या यू-२ टेहळणी विमानानं क्यूबातल्या सोव्हिएत मिसाइलांचे फोटो काढले, १६ तारखेला ते अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींसमोर आले, २२ तारखेला त्यांनी टीव्हीवरून सगळं जाहीर केलं आणि २८ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हनी मिसाइलं मागे घेतो म्हणून सांगितलं. आता केनेथ वॉल्ट्झ या आयआरच्या अभ्यासकानं १९५९ साली मांडलेल्या तीन पातळ्या लावून बघा. माणसाच्या पातळीवर: केनेडी आणि ख्रुश्चेव्ह आदल्या वर्षी व्हिएन्नात भेटले होते, त्या भेटीतून एकमेकांबद्दल त्यांचं काय मत झालं? देशाच्या पातळीवर: एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातल्या बे ऑफ पिग्जला अमेरिकेनं घडवलेला हल्ला फसून तिचं हसं झालेलं, त्यात नोव्हेंबर १९६२ ला काँग्रेसच्या निवडणुका, मग केनेडींना गप्प बसणं परवडणारं होतं का? आणि व्यवस्थेच्या पातळीवर: अण्वस्त्रांत सोव्हिएत युनियन तेव्हा बरंच मागे होतं, मग क्यूबात मिसाइलं ठेवणं हा ते अंतर स्वस्तात भरून काढायचा मार्ग होता का? बघा, एकच घटना पण तीन पातळ्यांवर तीन वेगळी उत्तरं, आणि तिन्ही एकाच वेळी थोडी थोडी खरी असू शकतात, आता यातलं सगळ्यात वजनदार कुठलं आणि का हे मांडणं म्हणजेच थिअरी वापरणं.

अजून पुढे जा. रिअलिस्ट म्हणेल ताकदीचा हिशेब. कन्स्ट्रक्टिव्हिस्ट विचारेल की त्याच वेळी तुर्कस्तानात अमेरिकेची ज्युपिटर मिसाइलं उभी होती, ती मात्र बचावाची आणि क्यूबातली तेवढी आक्रमक, हे ठरवलं कोणी? (ती ज्युपिटरं नंतर गुपचूप काढली गेली, आणि हा सौदा लोकांपासून बरीच वर्षं लपवून ठेवला होता.) कायद्याचा विद्यार्थी विचारेल की केनेडींनी नाकेबंदी न म्हणता क्वारंटाइन का म्हटलं, तर नाकेबंदी ही युद्धाची कृती मानली जाते म्हणून. आणि पोस्टकलोनियल बाजूनं पाहणारा विचारेल की या सगळ्या गोष्टीत खुद्द क्यूबा कुठंय, तिच्या जमिनीवर सगळं चाललंय आणि वाटाघाटीत तिला कोणी विचारतही नाही. एवढं जरी जमलं तरी पहिल्या वर्षाची थिअरी तुमच्या खिशात.

रीडिंग

दर आठवड्याला पानंच्या पानं येतात, सगळी शब्दन् शब्द वाचणारा माणूस मी पाहिलेला नाही आणि ती अपेक्षाही नसते. जर्नलमधला लेख वाचायचा तर आधी सारांश, मग प्रस्तावना, मग थेट शेवट, आणि त्यानंतर मधलं. वाचून झालं की चार ओळी लिहा: प्रश्न काय होता, लेखकाचं उत्तर काय, पुरावा कुठला, आणि हा माणूस कोणाशी भांडतोय. चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण या विषयातला जवळजवळ प्रत्येक लेख दुसऱ्या कुठल्यातरी लेखाला दिलेलं उत्तर असतो आणि ते भांडण कळलं नाही तर लेख उगाच जड वाटतो. पिवळा हायलायटर फिरवत बसू नका, त्यानं वाचल्याचं समाधान मिळतं फक्त.

मूळ कागद वाचायची सवय मात्र पहिल्या वर्षीच लावून घ्या, हे बहुतेक जण टाळतात आणि म्हणूनच ज्यानं वाचलंय तो सेमिनारमध्ये लगेच उठून दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत एकूण १११ कलमं आहेत, एका संध्याकाळी होतात वाचून. त्यातलं कलम २ मधलं बळाच्या वापरावरचं आणि अंतर्गत बाबींत नाक न खुपसण्याबद्दलचं, कलम २७ मतदानाचं, आणि कलम ५१ स्वसंरक्षणाचं ही नीट वाचा. वाचल्यावर खरी मजा सुरू होते. कलम २७ म्हणतं की महत्त्वाच्या ठरावाला सुरक्षा परिषदेच्या १५ पैकी ९ मतं हवीत आणि त्यात पाचही कायम सदस्यांचा होकार हवा. पण प्रत्यक्षात कायम सदस्य तटस्थ राहिला तरी ठराव पास होतो, तशी प्रथाच पडलीये आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही १९७१ च्या नामिबियावरच्या सल्ल्यात ती मान्य केली. १९५० मध्ये तर कोरियाच्या युद्धावरचे ठराव झाले तेव्हा सोव्हिएत प्रतिनिधी खोलीतच नव्हता, संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा कोणाची या वादावरून सोव्हिएतांचा बहिष्कार चालू होता. लिहिलेला नियम आणि चालणारा नियम यांच्यातली ही फट दिसायला लागली की समजा विषय डोक्यात शिरतोय.

तसंच १९६१ चं राजनैतिक संबंधांवरचं व्हिएन्ना कन्व्हेन्शन. पुढच्या वेळी अमुक देशानं तमक्याचे डिप्लोमॅट हाकलले अशी बातमी आली की कलम ९ उघडून बघा, कारण न देता कुठल्याही डिप्लोमॅटला नकोसा ठरवता येतं असं तिथं सरळ लिहिलंय. आणि दूतावासात पोलीस का घुसू शकत नाहीत ते कलम २२ मध्ये.

आकडे आणि नकाशे

"मला आकडे नको होते म्हणून आयआर घेतलं" असं म्हणणारे खूप भेटतात, त्यांना थोडी वाईट बातमी आहे. युद्धांची संख्या वाढतेय का कमी होतेय या साध्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा युद्ध कशाला म्हणायचं यावर अवलंबून आहे. स्वीडनमधला उप्साला विद्यापीठाचा कॉन्फ्लिक्ट डेटा वर्षाला लढाईत २५ मृत्यू झाले की संघर्षाची नोंद घेतो, तर कॉरिलेट्स ऑफ वॉर या जुन्या प्रकल्पात युद्ध म्हणायला १००० मृत्यूंची अट. म्हणजे एकाच वर्षाचे दोन आकडे येणार आणि दोन्ही बरोबर. हे माहीत असणारा विद्यार्थी निबंधात आकडा टाकताना व्याख्याही टाकतो, आणि मार्क तिथंच मिळतात. लष्करी खर्च आणि शस्त्रांच्या व्यवहारासाठी स्टॉकहोमच्या सिप्री या संशोधन संस्थेचा डेटा फुकट आहे, अर्थव्यवस्थेसाठी वर्ल्ड बँकेचा. बेसिक स्टॅटिस्टिक्स, एक्सेल नीट, आणि जमलं तर आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा थोड्याशा, एवढं पुरतं. मॅक्रोइकॉनॉमिक्सचा एक पेपर तर घ्याच, नाहीतर चलन, कर्ज आणि निर्बंध यावरची निम्मी चर्चा डोक्यावरून जाईल.

नकाशे हातानं काढा. हसू नका, खरंच काढा. होर्मुझ, मलाक्का, बाब-अल-मंदेब, बॉस्फोरस या सामुद्रधुन्या कुठं आहेत आणि तिथून कोणाचं काय जातं हे हातानं काढल्याशिवाय बसत नाही. मग समुद्री कायद्याच्या १९८२ च्या करारातले किनाऱ्यापासूनचे १२ सागरी मैल (देशाची सागरी हद्द) आणि २०० सागरी मैल (तिथपर्यंतच्या मासे-तेलावर त्या देशाचा हक्क) त्यावर आखून बघा, दक्षिण चीन समुद्रातलं भांडण एका कागदावर कळतं. आणि बॉस्फोरसमधून युद्धनौका कधी जाऊ द्यायच्या हे आजही १९३६ च्या माँत्रो करारावर चालतं, म्हणजे जुने करार म्हणजे इतिहासाचा पेपर असं समजायचं कारण नाही.

भाषा

यावर लोक फार रोमँटिक होतात. दोन सेमिस्टर करून आलेली भाषा सीव्हीवर एक ओळ भरते, बाकी काही करत नाही. एकच निवडा आणि डिग्रीभर धरून ठेवा. निवडताना फॅशन बघू नका, तुम्ही ठरवलेला प्रदेश बघा. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत, अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, आणि सचिवालयाचं रोजचं काम इंग्रजी-फ्रेंचमध्ये चालतं, त्यामुळे तिकडे जायचं डोक्यात असेल तर फ्रेंचचा फायदा आहेच. पण तुमचा प्रदेश इंडोनेशिया असेल तर तिथली भाषा येणारे कमी असतात आणि तुमचं वजन जास्त. उद्दिष्ट एवढंच ठेवा की शेवटच्या वर्षी त्या भाषेतलं वर्तमानपत्र डिक्शनरी फार न उघडता वाचता यावं.

बातम्यांचंही इथंच सांगून टाकतो. दिवसभर अपडेट बघणं म्हणजे अभ्यास नाही. आठवड्यातून एकदा बसा, तुमच्या प्रदेशातली एकच घटना घ्या आणि ती दोन विरुद्ध बाजूंच्या देशांतल्या वर्तमानपत्रांत कशी आलीये ते शेजारी शेजारी ठेवून वाचा.

निबंध आणि सेमिनार

"अमेरिका-चीन संबंध" हा विषय आहे, प्रश्न नाही, आणि यावर लिहिलेला निबंध म्हणजे तीन पानं ऐतिहासिक पार्श्वभूमी आणि शेवटी "भविष्यात काय होतं ते पाहणं महत्त्वाचं ठरेल". अशा वाक्याला कुठलाच प्राध्यापक मार्क देत नाही. प्रश्न असा शोधा ज्यात काहीतरी खटकतंय. १९५६ चा सुएझ बघा: इजिप्तचे अध्यक्ष नासेरनी सुएझ कालवा ताब्यात घेतला, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलनी हल्ला केला, आणि त्यांना मागे रेटलं कोणी, तर ब्रिटन-फ्रान्सच्याच सगळ्यात मोठ्या दोस्तानं, अमेरिकेनं, तेही पौंड घसरत असताना मदत अडवून धरून. दोस्तच दोस्ताच्या आड का आला? हा झाला प्रश्न. आता याला दोन-तीन शक्य उत्तरं मांडा, कुठला पुरावा कुठल्या उत्तराच्या बाजूनं जातो ते दाखवा, तुमचं उत्तर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका, सस्पेन्स ठेवू नका. आणि तुमच्या विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा स्वतःच घ्या, सगळ्यात लंगडा घेऊन त्याला पाडण्यात काही अर्थ नाही.

सेमिनारमध्ये एक गोष्ट जपायची. एखाद्या सरकारनं असं का केलं हे समजावून सांगणं म्हणजे त्याची बाजू घेणं नव्हे, हे स्वतःला आणि समोरच्याला सारखं सांगावं लागतं. आणि तुम्ही ज्याला केस स्टडी म्हणताय तिथं शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याचं घर असू शकतं. ठाम बोला, पण मेलेल्यांचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे फेकू नका.

मॉडेल यूएनबद्दल, म्हणजे विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी बनून भरवतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या नकली सभेबद्दल, विचारतात सगळे. करा, एक-दोनदा नक्की करा, उभं राहून बोलायची आणि ठरावाचा मसुदा लिहायची भीती जाते. पण त्यालाच आयआर समजू नका. तिथं सगळं भाषणावर चालतं, खऱ्या वाटाघाटीत मसुद्यातला न पटलेला भाग चौकोनी कंसात पडून राहतो आणि ते कंस एकेक करून काढण्यात रात्री जातात, ते काम कंटाळवाणं असतं आणि तेच खरं काम असतं. सूट-टाय घालून सेमिस्टरचे सगळे वीकेंड तिथं घालवणारे बघितलेत, रीडिंग मात्र शून्य.

प्रबंध

लहान विषय घ्या, जुना घ्या. चालू घडामोडींवर प्रबंध लिहायचा मोह होतो पण आतली कागदपत्रं मिळत नाहीत, मग वर्तमानपत्रांवरच भागवावं लागतं आणि लिहितालिहिता परिस्थितीच बदलते. बरीच सरकारं कागद वीस-तीस वर्षांनी खुले करतात, त्यामुळे शीतयुद्ध किंवा फार तर नव्वदचं दशक सोयीचं. अमेरिकी परराष्ट्र खात्याची जुनी कागदपत्रं खंडाखंडानं छापलेली आहेत आणि ऑनलाइन फुकट आहेत, वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरच्या डिजिटल अर्काइव्हमध्ये सोव्हिएत, चिनी, पूर्व युरोपीय कागदांची इंग्रजी भाषांतरंही मिळतात. एक निर्णय, एक करार किंवा एक बैठक एवढा जीव ठेवा. आणि गाइड निवडताना नावापेक्षा तो ड्राफ्ट वाचून परत किती दिवसांत देतो हे सीनियर्सना विचारा.

पुढे काय

राजदूत व्हायचं तर प्रत्येक देशाची स्वतःची भरती असते, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी आयआरचीच डिग्री लागते असं नाही. संयुक्त राष्ट्रांत शिरायचा एक सरळ रस्ता म्हणजे यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम, परीक्षा असते, ३२ वर्षांपर्यंतच्यांना देता येते, पहिली पदवी चालते, पण त्या वर्षी तुमचा देश यादीत असावा लागतो. सचिवालयाच्या इंटर्नशिपला पगार नसतो हेही आधीच माहीत असलेलं बरं, राहण्याखाण्याचा खर्च अंगावर पडतो. धोरणाच्या कामाला बऱ्याच ठिकाणी मास्टर्स मागतात.

पण सगळे या दोनच दारांसमोर रांग लावून उभे राहतात आणि बाकीची दारं बघतच नाहीत. बँकांमध्ये निर्बंध तपासणारे विभाग असतात, कोणाशी व्यवहार चालेल आणि कोणाशी नाही हे रोज ठरवावं लागतं. शिपिंग आणि विमा कंपन्यांना कुठला सागरी मार्ग धोक्याचा हे सांगणारा माणूस हवा असतो. पोलिटिकल रिस्क, निर्यात नियंत्रण, मदत संस्था, पत्रकारिता, संसदेतली संशोधन कार्यालयं, हे सगळं याच डिग्रीतून जमतं, अट एवढीच की त्या तीनपैकी दोन तरी गोष्टी तुमच्याकडे खऱ्या असाव्यात, म्हणजे प्रदेश, प्रश्न, कौशल्य.

अर्ज करताना क्लासमधला लांबलचक निबंध नमुना म्हणून जोडू नका. दोन पानांचा पॉलिसी मेमो लिहून तयार ठेवा: वर कोणासाठी लिहिलाय ते, पहिल्या दोन ओळींत काय करावं ही शिफारस, मग तीन पर्याय आणि प्रत्येकाचा तोटा, मग तुमचाच पर्याय का. थिअरीचं नाव त्यात एकदाही येऊ देऊ नका. दर सेमिस्टरला तुमच्याच प्रदेशावर असा एक मेमो लिहिलात तर डिग्री संपेपर्यंत सहा-आठ जमतात, त्यातले सगळ्यात चांगले दोन पाठवा.